घाटकोपरच्या बाई आणि बंगलोरचे इंजिनिअर

नोकरी मागायला आलेल्या माणसाचं शिक्षण आमच्या बाई सगळ्यात शेवटी विचारत. आधी विचारत, “नळाला सकाळी अर्धाच तास पाणी येतं. पहिल्यांदा काय भरशील?”

माझ्याआधी बसलेला इंजिनिअर मुलगा म्हणाला, “मोठं पिंप.” मी म्हणाले, “प्यायचा हंडा. मग स्वयंपाकाचं. पिंप शेवटी.”

“आणि मधेच पाणी गेलं तर?”

“आधी नळ बंद करीन. नाहीतर दुपारी पाणी यायचं आणि घरभर तळं!”

“सोमवारपासून ये गो,” बाई म्हणाल्या. “प्रोग्रॅम लिहायचा म्हणजे हेच. उरलेलं मी शिकवते.”

मी गणितातली बी.एस्सी., दोन मुलांची आई. कॉम्प्युटर तोवर फक्त पेपरातल्या फोटोत पाहिलेला.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावरची ही गोष्ट. बाईंनी मोठ्या कंपनीतली नोकरी सोडून पिठाच्या गिरणीवरच्या दोन खोल्यांत स्वतःची कंपनी काढली होती. कारखान्यांच्या पगारांचे प्रोग्रॅम आम्ही बनवायचो. बायका पाच, कॉम्प्युटर एक. खाली गिरणी सुरू झाली की टेबल थरथरायचं. बाई खिडकीतून ओरडत, “अरे, ज्वारी जरा थांबव! इथे तीनशे माणसांचा पगार चाललाय!” आणि गिरणीवाला खरोखरच थांबायचा.

आमच्याआधी त्यांनी दोन इंजिनिअर ठेवले होते. काम शिकून एक अमेरिकेला गेला, दुसरा बंगलोरला. “मी शिकवते आणि विमान घेऊन जातं,” बाई म्हणायच्या. “ह्या बायकांना विमान नेत नाही. आणि नेलं तरी चारला शाळा सुटते, परत यावंच लागतं.”

भांडवलाचं मात्र काही जमेना. “शेजारच्या शहांच्या मुलाने धंदा काढला, तर त्याचे मामा-काका पैसे घेऊन आले. मी काढला, तर माझे मामा-काका चेंबूरहून समजूत घालायला आले!” बँकेत मॅनेजरने विचारलं, “तारण काय?”

“एक कॉम्प्युटर आणि पाच बायका.”

“बायकांची डोकी तारण कशी ठेवणार, मॅडम?”

“खरं आहे. तुमच्या तिजोरीत मावायची नाहीत,” म्हणून बाई उठल्या. हे त्यांनी आम्हाला साभिनय करून दाखवलं. आम्ही पोट धरून हसलो. पण नवीन कॉम्प्युटर घेता येईना, आणि त्यापायी एक मोठं काम हातचं गेलं. त्या दिवशी बाई डबा न उघडताच घरी गेल्या.

मग बंगलोरचा एक कारखानदार भांडवल घालायला तयार झाला. अट एकच : कंपनी तिकडे हलवायची. तिकडे म्हणे एका जाहिरातीला पन्नास इंजिनिअर रांग लावत. बाईंनी महिनाभर टाळलं. शेवटी मला विचारलं, “सुनंदा, येतेस?”

माझ्या नवऱ्याची नोकरी इथली, आणि सासूबाई तर घाटकोपरच्या बाहेर पाऊल टाकायला तयार नव्हत्या. मी नकारार्थी मान हलवली. बाईंनी पुन्हा विचारलं नाही. जाण्याआधी पंधरा दिवस त्या आम्हा पाचजणींना घेऊन अंधेरीच्या इंडस्ट्रियल इस्टेटीत कंपन्यांचे जिने चढत होत्या. पाचवीला नोकरी लागली, त्यानंतरच त्यांनी तिकीट काढलं.

वर्षभराने माझ्या ऑफिसात फोन. “सुनंदा, पगाराच्या प्रोग्रॅममध्ये अर्ध्या दिवसाची रजा कुठे घातली होतीस गो? इथे दहा इंजिनिअर बसलेत, एकालाही सापडत नाही!”

मी सांगत गेले. बाई माझं वाक्य न् वाक्य मागे बसलेल्यांना इंग्रजीत सांगत होत्या. मग तिकडे एकदम ओरडा झाला. सापडली.

“तुला उचलूनच आणायला हवं होतं,” बाई हळूच म्हणाल्या.

“आणि सासूबाईंना?” मी आवाज शक्य तितका साधा ठेवला.

“त्यांनाही कामावर घेतलं असतं,” बाई म्हणाल्या. मी त्यांना ओळखते. खरोखरच घेतलं असतं.