परभणी लागून राहिलंय

जगात जेवढा म्हणून आवाज आहे तो सगळा आपल्या रेडिओत खरखर आणण्यासाठीच जन्माला आलेला आहे, अशी ज्यांची पक्की खात्री होती असे एकच गृहस्थ मी आयुष्यात पाहिले आणि नशिबानं ते माझे साडू निघाले. थोरले साडू, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. लातुरात गोलाईजवळ त्यांचं तांब्यापितळेच्या भांड्यांचं दुकान, दुकानामागं घर, आणि दोन्हींच्या मधल्या फळीवर चामड्याच्या पिशवीतला तो रेडिओ. सकाळी आंघोळ, लिंगपूजा आटोपून, कपाळभर भस्म लावून साडू दुकानात आले की गल्ल्याकडं न जाता आधी रेडिओकडं जायचे. मिडियम वेव्हच्या पट्टीवर परभणी जिथं लागतं त्या जागेवर त्यांचं सगळं जग उभं होतं. बाकीची केंद्रं त्यांच्या लेखी एसटीच्या वाटेतले थांबे. परभणी लागलं की दिवस चांगला गेला, आणि नाही लागलं तर त्या दिवशी गिऱ्हाइकानं येऊन उगाच त्रास देऊ नये, एवढीच त्यांची अपेक्षा असायची.

मी नवा जावई असताना त्यांनी मला पहिल्यांदा घरी बोलावलं. मी नांदेडहून कडक इस्त्रीचा शर्ट घालून, पेढ्यांचा पुडा घेऊन गेलो. रेडिओ घसा बसल्यासारखा कुरकुरत होता. मी बसता बसता शेजारच्या तांब्याच्या बंबावर सहज हात ठेवला, आणि रेडिओ एकदम खणखणीत बोलायला लागला. साडू जागच्या जागी थिजले. "हालू नका, पाव्हणं," ते हलक्या आवाजात म्हणाले, "हात तसाच ठिवा. परभणी लागून राहिलंय." मी हात तसाच ठेवला. बाजारभाव झाले, बातम्या झाल्या, तुरीवरच्या अळीचा बंदोबस्त झाला. चहा आला तो मी डाव्या हातानं प्यालो. जावयाला चहा डाव्या हातानं पिताना बघून अक्कांना, म्हणजे माझ्या मेहुणीला, मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण साडू मात्र खूश. मी काय शिकलोय, कुठं नोकरी करतो, पगार किती, हे त्यांनी त्या दिवशी विचारलं नाही आणि पुढंही कधी विचारलं नाही. "सासऱ्यानं जावई लई चांगला बघितला," असं मात्र त्यांनी साऱ्या गोलाईला सांगितलं.

भांडं घेणारा माणूस ते बोटानं वाजवून बघणार, हा जगाचा रिवाज. चीर असली तर आवाज बद्द येतो. पण साडूंच्या दुकानात बातम्या चालू असताना भांडं वाजवायची सोय नव्हती. "बातम्या होईस्तोर डोळ्यांनी बघा," ते म्हणायचे. एकदा औशाकडची एक वऱ्हाडी मंडळी रुखवताची भांडी घ्यायला आली. त्यांच्यातल्या आजीबाईंनी एक घागर उचलली आणि दिली टिचकी. साडूंनी नुसती मान वळवली, तोंडावर बोट ठेवलं, आणि त्या आठदहा जणांना मुकाट्यानं सतरंजीवर बसवून जगातल्या घडामोडी ऐकवल्या. हवामान झाल्यावर म्हणाले, "हं, आता वाजवा." तोवर निम्मं वऱ्हाड समोरच्या दुकानात गेलं होतं.

खरखरीचं त्यांचं ज्ञान तर विचारूच नका. वैद्य नाडी बघतो तसे ते खरखर ऐकायचे. "ही चक्कीची न्हाई, ही ट्यूबलाइटच्या चोकची हाय," डोळे मिटून सांगायचे, "वेल्डिंग फाडती, चक्की दळती, चोक नुस्ती कण्हती." रोगाचं निदान झालं की रेडिओ कानाला लावून ते गल्लीबोळातून उगम शोधत निघायचे. लातूर जिल्हा झाला तेव्हा या कामाला पार ऊत आला. नवी ऑफिसं, नवे बोर्ड, नव्या तारा, आणि पत्र्याची शेडं जोडणारे वेल्डिंगवाले. सगळं गाव गुलाल खेळलं, पण जिल्हा झाल्याची खबर गावात सगळ्यांत शेवटी मान्य केली ती आमच्या साडूंनी, कारण फटाक्यांमुळं त्यांना ती बातमी ऐकूच आली नव्हती. लोक पेढे घेऊन आले तर म्हणाले, "पेढा ठिवा, पर आजून परभणीनं सांगितलं न्हाई." दुसऱ्या दिवशीच्या बातम्यांपर्यंत हा माणूस एकटा जुन्या जिल्ह्यात राहत होता. पुढं एकदा खरखरीचा माग काढत ते एका नव्या ऑफिसात घुसले आणि थेट साहेबाच्या टेबलापर्यंत पोचले. साहेब गावात नवीन. डोक्याला रुमाल, कपाळाला भस्म, कानाला रेडिओ, अशी मूर्ती समोर उभी राहून "दिवा मालवा" म्हणाल्यावर त्याला वाटलं, इथली काही रीत असेल. बिचारा पाऊण तास अंधारात सह्या करत बसला.

संध्याकाळ झाली की वेगळीच तऱ्हा. दिवस मावळला की परभणीवर हैदराबाद चढायचं. रेडिओ एकाच वेळी मराठी आणि तेलुगू बोलू लागायचा, आणि साडूंची सासुरवाड आंध्राच्या सीमेवरच्या देगलूरची, त्यामुळं त्यांना दोन्ही थोडं थोडं कळायचं. हेच नडलं. त्या वर्षी दुष्काळ होता, लोक आभाळाकडं बघून बघून थकलेले. एका संध्याकाळी त्या कालव्यातून साडूंनी "वर्षं" एवढा शब्द उचलला. तेलुगूत वर्षं म्हणजे पाऊस. साडू दुकानाच्या पायरीवर उभे राहून म्हणाले, "हैदराबादेत पाऊस लागला. उद्या आपल्याकडं." बायांनी ओटे झाडून पन्हाळीखाली भांडी मांडली. सकाळी ती कोरडीच्या कोरडी उचलली. बोलणारं वर्षं हैदराबादचं नव्हतंच, ते परभणीचं होतं. कुणीतरी सरत्या वर्षाचा आढावा घेत होतं. त्यानंतर महिनाभर पोरं त्यांना बघून "वर्षं, वर्षं" करायची आणि साडू म्हणायचे, "शब्द बरोबर ऐकला व्हता. भाषा चुकली."

या सगळ्यात अक्का कुठं होत्या? अक्का खरखरीच्या अलीकडं होत्या. बातम्या आणि बाजारभाव यांच्या मधल्या फटीत त्या बोलून घ्यायच्या. मीठ संपलंय, माहूरला जायचंय, दाढ दुखतेय, सगळं त्या फटीत बसवायचं. नवऱ्याचं नाव घ्यायची तर त्यांच्या पिढीत रीतच नव्हती. त्या त्यांना "ऐकलं का?" अशी हाक मारायच्या, आणि त्यांनी ऐकलेलं नसायचं. साडूंना मात्र या नावाची एक रुखरुख होती. लग्नात अक्कांनी उखाण्यात नाव घेतलं ते एकदाच, आणि नेमका त्याच वेळी बँडवाल्यानं ढोल बडवला. "आमच्या संसाराला पहिल्याच दिवशी खरखर लागली," ते हसून सांगायचे. हसायचे, पण सांगायचे वारंवार.

तर त्याच दुष्काळात रेडिओचे लोक गल्लीत आले. पाणी नसताना बाया घर कसं चालवतात, हे त्यांना टेपवर घ्यायचं होतं. गल्लीनं एकमुखानं अक्कांना पुढं केलं. अक्कांनी सगळं नीट सांगितलं. राखेनं भांडी कशी काढायची, आंघोळीचं पाणी परातीत कसं धरायचं, तेच पुढं लुगडं भिजवायला आणि शेवटी कढीपत्त्याला कसं घालायचं. पण सुरुवातीला त्या रेडिओवाल्या बाईंनी विचारलं, "तुमचं पूर्ण नाव सांगा." पूर्ण म्हणजे मध्ये नवऱ्याचं आलंच. अक्का लाजल्या, पदर तोंडाला लावला, आणि घेतलं. गल्लीतल्या झाडून सगळ्या बायांनी ते ऐकलं. साडू तेवढे दुकानात होते. बातम्या लागल्या होत्या.

हे कळल्यावर साडूंची जी घालमेल झाली ती मी सांगू शकत नाही. पुढच्या आठवड्यात दुपारच्या कार्यक्रमात ते लागणार होतं. नांदेडला मला निरोप आला, "सुट्टी काढून या. तुमी बंबावर हात ठिवला की चांगलं लागतंय." मी गेलो. जायलाच हवं होतं, कारण तोपर्यंत मीसुद्धा त्या नावात अडकलो होतो. साडू सकाळपासून दारोदार फिरत होते. ज्यांच्याशी वर्षानुवर्षं भांडले त्या सगळ्यांपुढं हा माणूस आज रुमाल हातात घेऊन उभा होता. चक्कीवाला म्हणाला, "दादा, दळणं खोळंबतील." तर दळणाला बसलेल्या बायाच म्हणाल्या, "खोळंबू दे. आमची अक्का बोलणार हाय." वेल्डिंगवाल्या चाचांनी लोखंड खाली ठेवलं. "सेठ, आपके वास्ते नक्को बोलता था. भाभी के वास्ते बंद करतूं," म्हणाले. शेजारच्या बोअरची मोटार बंद करायचा प्रश्नच नव्हता, बोअरलाच पाणी नव्हतं. दुपारी गोलाईच्या त्या कोपऱ्यात अशी शांतता पसरली की कबुतरं बावरून उडाली.

सगळी गल्ली दुकानात दाटली होती. मी बंबावर हात ठेवून बसलो. साडू रेडिओपुढं मांडी घालून, उजवा कान पुढं करून बसले, आणि अक्का आतल्या दाराशी उभ्या. परभणी इतकं स्वच्छ मी कधी ऐकलं नव्हतं. निवेदिका बोलली, वाद्यं वाजली, आणि अक्कांचा आवाज आला, "माझं नाव गंगाबाई..."

"टँकर आला," बाहेरून कुणीतरी ओरडलं.

पुढचं काय सांगू? चार दिवसांनी टँकर आला होता. एका क्षणात दुकान रिकामं झालं. हंडे घासत निघाले, घागरी एकमेकींवर आदळल्या, आणि तो टँकर इंजिन धडधडत बरोबर आमच्या दारात उभा राहिला. अक्कांनी रेडिओकडं एकदा बघितलं, साडूंकडं एकदा बघितलं, मग फळीवरच्या विकायच्या दोन घागरी उचलल्या आणि त्याही पळाल्या. साडूंनी रेडिओ उचलून कानाला असा दाबला की कान लाल झाला. सारं आयुष्य खरखरीशी झुंजलेला माणूस त्या दिवशी साध्या गोंगाटापुढं हरला. इंजिन बंद झालं तेव्हा रेडिओतल्या अक्का कढीपत्त्यापर्यंत पोचल्या होत्या. माझा हात अजून बंबावरच होता.

अक्का निथळत आल्या. "लागलं का?" त्यांनी विचारलं.

"लागलं. चांगलं बोललीस. नाव तेवढं गेलं."

"जाऊ द्या, पानी तर मिळालं."

"मग आता नाव घी की."

"पाव्हण्यापुढं? काय बाई तरी," म्हणत अक्का घागरी घेऊन आत गेल्या.

तेव्हापासून साडू रोज दुपारी तो बायकांचा कार्यक्रम लावून बसायला लागले. "चांगलं आसलं की पुन्यांदा लावतेत ते," एवढंच मला म्हणाले. पावसाळे आले गेले, पितळ जाऊन स्टील आलं, स्टील जाऊन प्लॅस्टिक आलं, दुकान मुलाकडं गेलं. साडूंनी दुपार सोडली नाही. घरच्यांना वाटायचं, म्हाताऱ्याचा चाळा आहे. अक्कांनाही तसंच वाटायचं.

परवा लातूरला गेलो होतो. साडू आता फार थकलेत. तोच रेडिओ मांडीवर, नुसता घुमत होता. मी मूर्खासारखं बोलून गेलो, "दादा, मिडियम वेव्ह आता ठिकठिकाणी बंद होत चाललंय म्हणतात. पुढं सगळं मोबाइलवर. खरखर नाही, काही नाही." मला वाटलं, ऐकून खूश होतील. ते बराच वेळ पिशवीचा पट्टा चाचपत राहिले. मग म्हणाले, "म्हंजे ते आता लागायचं न्हाई."

"काय लागायचं न्हाई?" अक्का चहा घेऊन येत होत्या.

"तू नाव घेतलेलं. टँकरात गेलं ना ते."

अक्का कप धरून तशाच उभ्या राहिल्या. "त्याच्यासाठी बसून राहिलाव व्हय इतकी वर्षं?"

मला फार वाईट वाटलं. उठून जावं तर गुडघे धड नाहीत, म्हणून मी फळीवरच्या डब्यांकडं बघत बसलो. अक्कांनी कप खाली ठेवला. डोक्यावरचा पदर सारखा केला. रेडिओचा कान पिरगाळून तो बंद केला, आणि स्वतःचं, साडूंचं आणि आडनाव असं पूर्ण नाव घेतलं, त्या बाईंना सांगितलं होतं तसंच.

साडूंनी उजवा कान पुढं केला. "नीट ऐकू न्हाई आलं," ते म्हणाले, "पुन्यांदा घी."

अक्कांनी पुन्हा घेतलं, जरा मोठ्यानं. साडूंनी पुन्हा मान हलवली, न्हाई म्हणून. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होतो. त्यांना पहिल्याच वेळी स्वच्छ ऐकू आलं होतं. ते अक्कांनाही कळत असावं, पण त्यांनी तिसऱ्यांदाही घेतलं.