साडूंच्या कीबोर्डावरची टिकली

आमच्या थोरल्या साडूंइतका घाईत असलेला आणि त्या घाईपायी दुसऱ्यांचा वेळ खाणारा माणूस शिरूर आणि दौंड या दोन्ही तालुक्यांत शोधून सापडायचा नाही. मला त्यांचा राग येतो. पूर्वी यायचा, आत्ता लिहितानाही येतोय, आणि हे वाचून कुणी 'जाऊ द्या हो, माणूस मनानं चांगला आहे' म्हणालं तर त्याचाही येईल. मनानं चांगल्या माणसानं दुसऱ्याच्या हातावर फटके मारायचे असतात का? साडू मारायचे. कोरेगाव भीमाजवळच्या एका कारखान्यात ते स्टोअर सांभाळत. तिथं कॉम्प्युटर आला, त्यात एक्सेल आलं, आणि माऊसला हात न लावता सगळी कामं नुसत्या बटणांवर होतात, असं कुणीतरी त्यांच्या कानात सांगितलं. झालं! माळकरी माणसानं मटणाच्या ताटाकडं बघावं तसे ते माऊसकडे बघायला लागले. स्वतःचा माऊस त्यांनी रुमालात गुंडाळून ड्रॉवरात कोंडला आणि मग दुसऱ्यांच्या माऊसमागे लागले. मी दौंडला एका पतसंस्थेत कारकून. एकदा माझ्याकडे आले, मी बापडा क्लिक करत बसलो होतो, तर फाडकन हातावर बसली. "पाव्हणं, सोडा तो उंदीर! उंदराच्या मागं लागलेला मानूस जन्मात पुढं जात न्हाई!" मग कीबोर्ड ओढून त्यांनी ताशा वाजवल्यासारखी बटणं बडवली, "बघा, झालं!" म्हणाले आणि एस.टी. पकडायला निघून गेले. काय झालं होतं? माझे दोन रकाने गायब झाले होते. ते कुठल्या बटणानं लपवले आणि कुठल्यानं परत आणायचे हे शोधण्यात माझी दुपार गेली, आणि साहेबांच्या शिव्या खाल्ल्या त्या वेगळ्याच.

सवयी तरी किती सांगू? दर दोन शब्दांनी कंट्रोल एस दाबून केलेलं काम सेव्ह करायचा त्यांना असा नाद, की जेवतानासुद्धा डावा हात ताटाच्या कडेवर टकटक करायचा. घास गिळला, टकटक. पाणी प्यायले, टकटक. आक्का, म्हणजे त्यांची बायको, वैतागून म्हणायची, "वाढलेलं काय पळून चाललंय व्हय?" त्यावर हे तिच्यावरच डोळे वटारायचे. धाकट्या मेहुणीला बघायला पाहुणे आले, तेव्हा तर कहर झाला. पोरगा चांगला, शेतीवाडी, वर पुण्याला नोकरी. पोह्यांच्या बशा हातात, आणि साडूंनी त्याला विचारलं, "काय हो, एक्सेलमधी मधीच ओळ घालायची तर कशी घालता?" पोरगा लाजत म्हणाला, "माऊसनं... राईट क्लिक करून." साडूंनी बशी खाली ठेवली, थेट माजघरात गेले आणि सासूबाईंना म्हणाले, "ह्यो पोरगा नगं." सासूबाई कधी कुणाला उलटून न बोलणाऱ्या. पण त्या म्हणाल्या, "जावईबापू, पोरगी त्याला द्यायचीय, कॉम्प्युटर न्हाई." आणि लग्न ठरलं.

ठरलं खरं, पण घरात कुणाच्या जिवाला स्वस्थता नव्हती. सासऱ्यांचे थोरले भाऊ आबा. विहिरीवरच्या मोटारीवरून दोघा भावांचं वाजलं आणि बोलणं बंद झालं ते झालंच. माझ्या मेहुणीचं सगळं बालपण या आबांच्या खांद्यावर गेलेलं. ती हटून बसली, "आबा आलं न्हाईत तर मी बोहल्यावर चढनार न्हाई." सासरे आपल्या गावातल्या, यवतमधल्या साऱ्या थोरामोठ्यांना घेऊन आबांच्या दारात गेले. आबांनी एकच अट घातली. आमच्या भागात अक्षता पडायच्या आधी माइकवरून एकेकाचं नातं आणि नाव पुकारून फेटा बांधतात, शेवटचा फेटा सगळ्यात मानाचा, आणि त्या पुकारण्यात जरा इकडचं तिकडं झालं तर माणसं जन्माची रुसतात. आबा म्हणाले, "माझा फेटा समद्यांच्या शेवटी. आन् माइकवर सोच्छ म्हनायचं, 'वधूचे थोरले चुलते'. येवडं झालं तर येतो. न्हाईतर माझी वाट धरतो."

ती यादी करायचं काम कुणी अंगावर घेतलं असेल? लग्नादिवशी सकाळी मी शिरूरला साडूंना आणायला गेलो, तर हे घरच्या कॉम्प्युटरपुढे. एका रकान्यात नातं, शेजारी नाव. सगळ्यात वर मामा, कारण आमच्यात नवरीला हात धरून बोहल्यावर मामा आणतो. सासूबाईंना सख्खा भाऊ नाही, म्हणून तळेगाव ढमढेऱ्याच्या एका मानलेल्या भावाला तो मान दिलेला. मी म्हणालो, "साडूभाऊ, काढायच्या आधी एकदा नजर घाला. आबांचं नाव आहे." तर असे खवळले! "नजर तुमच्यासारख्या उंदीरवाल्यांनी घालायची! माझी बोटं बघतेत!" आणि खरंच, डोळे माझ्यावर रोखलेले, तोंडानं माझा उद्धार चाललेला, आणि बोटं खाली धडाधडा. सेव्ह, प्रिंट, कागद फाडला, घडी घातली, खिशात. तोच कागद मंगल कार्यालयात माइकवाल्याच्या हातात गेला. तो दौंडहून आणलेला, आमच्यातल्या कुणाला ओळखत नव्हता. समोर येईल ते खड्या आवाजात वाचायचं, एवढंच त्याचं काम.

"वधूचे मामा..." पहिलं नाव पुकारलं. कुणी उठलं नाही. मामांची जीप तळेगावच्या बाजाराच्या गर्दीत अडकलेली. "वधूचे मामा..." आणि नाव सरपंचांचं. सरपंच बिचकत उठले. "वधूचे मामा..." दूध सोसायटीचे चेअरमन! लोक एकमेकांकडे बघायला लागले. मग "वधूचे मामा" म्हणून चक्क नवरदेवाच्या वडलांचं नाव आलं. आमच्यात पोरगी आत्याच्या घरात देतात, मामाच्या घरात कधीच नाही. एक म्हातारी मोठ्यांदा ओरडली, "आगं बया! मामाच्या घरात दिली व्हय पोरगी?" व्याह्यांचं तोंड काळंठिक्कर पडलं. साडू आचाऱ्यांवर ओरडायला मागे गेले होते, ते धावत आले, माइकवाल्याशी झोंबले आणि "कंट्रोल डी! आरं कंट्रोल डी झालंय!" असं सगळ्या यवतला ऐकू जाईल असं ओरडले. कुणाला काय कळणार, कपाळ? मला तेवढं कळलं. एसच्या शेजारीच डी, आणि रकाना निवडलेला असताना कंट्रोल डी दाबलं की वरच्या घरातलं खालच्या सगळ्या घरांत उतरतं. माझ्याशी भांडता भांडता नात्यांचा अख्खा रकाना यांनी मामांनी भरून टाकला होता. वाटलं, त्याच माइकनं यांचं डोकं फोडावं. कारण शेवटचं नाव आबांचं होतं, आणि झटापटीत माइकवाल्यानं तेही वाचून टाकलं. "वधूचे मामा, आबासाहेब..."

सासरे हात जोडून उभे राहिले. आबा उठले. धोतराचा सोगा सावरला. चालत थेट साडूंपुढे आले, आणि मला वाटलं, आता कानाखाली बसते. बसायलाच हवी होती.

"मामा म्हनलं व्हय मला?"

"आबा, चूक झाली... बटन..." साडूंच्या तोंडून पहिल्यांदाच हळू आवाज आला.

"खरा मामा कुटं हाय?"

"जीप अडकलीय, आबा," सासरे म्हणाले. कैक वर्षांत भावाशी बोललेलं ते पहिलं वाक्य.

आबा भावाकडे वळले. मग म्हणाले, "मुहूर्त काय जीपसाठी थांबतोय का? फेटा बांधा. पोरीला मी आनतो." आणि आत जाऊन मेहुणीचा हात धरून तिला बाहेर घेऊन आले. ती रडत होती आणि हसत होती. साडू खांबाआड डोळे पुसत होते, मी बघतोय हे दिसल्यावर माझ्यावरच खेकसले, "काय बघता? अक्षता वाटा!"

त्या दिवसापासून साडूंच्या कीबोर्डावर डीच्या बटणाला आक्काची लाल टिकली चिकटली. हात तिकडे गेलाच तर खडबडीत लागून भान यावं म्हणून.

आबा गेले तेव्हा दशक्रियेच्या पत्रिकेचा मजकूर करायला साडू पुन्हा कॉम्प्युटरपुढे बसले. या वेळी एका बोटानं, एकेक अक्षर, आणि प्रत्येक ओळीला मान वर करून स्क्रीनकडे बघत. मी पाठीशी उभा होतो, एकदाही ओरडले नाहीत, आणि मला ते बरं वाटलं नाही. मेहुणीचं नाव आलं. त्यांनी पुढे 'पुतणी' लिहिलं.

"दाजी, पुतनी नगा लिहू," ती मागून म्हणाली. "भाची लिहा."

"आगं, ते चुकीचं हाय," साडू म्हणाले.

"आसू द्या."

साडूंनी शब्द पुसला. भाची लिहिलं. कंट्रोल एस दाबलं, आणि बोटं बराच वेळ तिथून उचललीच नाहीत.