लुगड्यातून गाळलेलं पाणी

माझ्या थोरल्या साडूंइतका ओला माणूस नागपूरसारख्या कोरड्या गावात मी दुसरा पाहिला नाही. मे महिन्यात आम्ही सगळे कूलरसमोर निपचित पडलेलो असायचो, तेव्हाही या गृहस्थांचा पायजमा गुडघ्यापर्यंत भिजलेला, सदऱ्यावर शिंतोडे आणि चष्म्याच्या काचांवर थेंब. ते घरी आले की माझी बायको, म्हणजे त्यांची धाकटी मेहुणी, खुर्चीवर आधी पोतं अंथरायची आणि मगच बसा म्हणायची. आमच्या विदर्भात साडूला साडभाऊ म्हणतात. मी त्यांना साडभाऊ म्हणायचो, ते मला साडभाऊ म्हणायचे, फरक इतकाच की त्यांनी त्यातला 'भाऊ' मनावर घेतला होता. मी काय केलं ते पुढे येईल. ते सांगायचं आहे म्हणूनच लिहायला बसलो आहे, नाहीतर साडूचं एवढं कौतुक कोणी कागदावर करत नाही.

ते मूळचे टर्नर. वीस-बावीस वर्षं दुसऱ्याच्या वर्कशॉपात लेथवर काढल्यावर पंचेचाळिशीत, म्हणजे शहाणी माणसं पेन्शनचा हिशोब सुरू करतात त्या वयात, त्यांनी नोकरी सोडली आणि नंदनवन वस्तीतल्या घरामागे पत्र्याची शेड टाकली. कशासाठी, तर नोझल करायला. नोझल म्हणजे पिचकारीचं तोंड, एवढंच आम्हा नातेवाइकांना समजायचं. त्यांचं नोझल अंगठ्याएवढं पोलादी डोकं असे, त्याला सुईच्या टोकाएवढी दोन-तीन तिरपी भोकं. प्रचंड दाबाखालचं पाणी त्या भोकांतून सुटलं की त्याच्या धक्क्यानं डोकं आपोआप फिरू लागे आणि ते कारखान्यातल्या जाम झालेल्या नळीत सरकवत नेलं की आतला दगडासारखा थर चारी बाजूंनी खरवडून निघे. "पाणी तिकडं पळते म्हून हे इकडं सरते," ते समजावून सांगत. "मोटर नाही, पट्टा नाही, कोणाची खुशामत नाही." त्यांचा सगळा जीव मात्र ते डोकं हळू फिरवण्यात अडकलेला होता. "हळू फिरन तं घासन. जोरात फिरलं का नुसता धुरळा." हा नियम ते नोझलपुरता ठेवत नसत. भराभर जेवणारा पाहुणा, भाषण ठोकणारा नगरसेवक, पंधरा दिवसांत साखरपुडा उरकणारे व्याही, सगळ्यांबद्दल त्यांचं एकच मत पडे: "नुसता धुरळा."

पाणी आणि फिरणं या दोन गोष्टी एकत्र दिसल्या की त्यांचे पाय थांबत. महाराजबागेत हिरवळीवर फवारा फिरत होता, तर त्याच्याजवळ उकिडवे बसून त्यांनी घड्याळ लावून फेरे मोजले आणि माळ्याला सांगून आले की तुझं एक भोक बुजलं आहे. आमच्या कूलरच्या वाळ्याच्या ताट्यांवर पाणी एकसारखं पडत नाही याचं त्यांना इतकं वाईट वाटलं की एका रविवारी त्यांनी पंपाला स्वतःच्या हातचं फिरतं तोंड बसवून दिलं. ताट्या उत्तम भिजल्या. समोर आरामखुर्चीत बसलेले माझे वडीलही भिजले. साडू शांतपणे म्हणाले, "बाबांले गार वाटून राहिलं का नाही, ते विचारा." काटोलच्या मामेभावानं संत्र्यांची पेटी पाठवली, तेव्हा त्यातलं एक संत्रं त्यांनी शेडमध्ये नेऊन दाबाच्या पाण्यानं सोलून दाखवलं. साल निघाली. संत्रंही निघालं, ते आम्हाला भिंतीवर सापडलं. त्यांच्या थोरल्या मुलीला पाहायला पाहुणे आले आणि मुलाच्या वडिलांनी सौजन्यापोटी "आपण काय करता?" असं विचारलं. साडूंनी लगेच तिरपी भोकं पाडलेला एक डबा सुतळीनं कडीला टांगला आणि त्यात तांब्याभर पाणी ओतलं. डबा गरगर फिरला, पाहुण्यांचं धोतर भिजलं, ताईंनी, म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीनं, कपाळाला हात लावला. पण पाहुणे हसत म्हणाले, "पुन्हा एकदा फिरवा गा." लग्न तिथेच जमलं.

त्यांच्या नोझलमधली खरी करामत मात्र बाहेरून दिसायची नाही. दुसऱ्या कोणी डोक्याखाली छर्ऱ्यांचं बेअरिंग बसवलं असतं. साडूंनी डोकं आणि आस यांच्यात केसाएवढी फट ठेवली होती, तिच्यातून थोडं पाणी सतत वाहायचं आणि डोकं त्या पाण्याच्या पापुद्र्यावरच फिरायचं. "लोखंडाले लोखंड लागतच नाही. पाण्यावर बसलं आहे ते," असं सांगताना त्यांचा आवाज देवळात बोलल्यासारखा खाली यायचा. वैरी एकच, रेती. एक कण त्या फटीत शिरला की खेळ खलास. म्हणून पाणी गाळून घ्यायचं, आणि ते ताईंच्या जुन्या सुती लुगड्याच्या चार पदरांतून. नवं कापड पाणी जाऊ देत नाही, तारेची जाळी रेती जाऊ देते. धुऊन धुऊन मऊ झालेल्या लुगड्यासारखं गाळणं नाही, हे त्यांनी प्रयोगानं ठरवलं होतं. त्या प्रयोगांच्या काळात गल्लीतल्या बायका दोरीवरची लुगडी नजरेआड होऊ देत नसत.

मी तेव्हा नागपूरजवळच्या एका वीज केंद्रात ज्युनियर इंजिनियर होतो. आमच्याकडे वाफ थंड करणाऱ्या यंत्रात हजारो नळ्या, त्या गाळानं भरायच्या आणि मजूर लोखंडी सळया खुपसून दिवसेंदिवस साफ करायचे. साडूंच्या नोझलची एक ट्रायल घ्यावी असं मीच साहेबांच्या गळी उतरवलं. साडूंच्या दृष्टीनं हा शेवटचा डाव होता. टेम्पोत पंपाला पाठ लावून बसल्या बसल्या ते म्हणाले, "जमलं तं शेड राहीन. नाही तं पुन्हा कोणाच्या लेथवर." त्या दिवशी ते इस्त्रीचा सदरा घालून आले होते आणि मी त्यांना प्रथमच पूर्ण कोरडं पाहत होतो.

साहेब आले आणि त्यांनी साडूंकडे बघून मला विचारलं, "हे कोण?" साडू माझ्यापासून दोन हातांवर उभे होते. मी म्हणालो, "लोकल पार्टी आहे, सर." साडूंनी माझ्याकडे पाहिलं आणि मग साहेबांना नमस्कार केला. इथवर सुद्धा मी स्वतःला माफ केलं असतं. नोकरीत नातं सांगू नये, असं काहीतरी कारण सापडलं असतं.

पण पुढे ते लुगडं होतं. पाण्याच्या ड्रमच्या तोंडावर चार पदरी करून सुतळीनं बांधलेलं, हिरवं, रुंद काठांचं, मधोमध ठिगळ. त्यावर नळाचं पाणी पडत होतं. साहेब चहाला गेले तेव्हा माझा एक सहकारी हसून म्हणाला, "हे काय, कोणाचं वाळत घातलं आहे?" मुख्य कार्यालयातले दोन अधिकारीही साहेबांबरोबर ट्रायल पाहायला येणार होते. माझे कान तापले. नोझल धरायला नळ्यांच्या टोकाकडे जाताना साडू मला बजावून गेले होते, "बाकी काई बी भुललं तं चालन, साडभाऊ, हे फडकं काढू नोका." ते दिसेनासे झाले आणि मी सुतळी सोडली. लुगडं पिळून पंपामागे कोंबलं. पाणी दिसायला स्वच्छच होतं. थोडा वेळ तर चालवायचं आहे, काय होतंय, असं मी मनाशी म्हणालो.

ट्रायल सुरू झाली. पहिली नळी साफ झाली, दुसरी, तिसरी. साहेबांनी टॉर्च लावून आत पाहिलं आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. एकामागून एक नळ्या होत गेल्या. मग डोकं फिरायचं थांबलं. पाणी एकाच रेषेत कापू लागलं, बाकीचा थर जागच्या जागी. पंप बंद केला, सगळे पलीकडे साडूंभोवती जमले, ते नोझल उघडू लागले. मी मात्र ड्रमकडे धावलो आणि लुगडं पुन्हा बांधलं. चार पदर मोजून बांधलं. लाजेपोटी काढलं होतं ते एक वेळ कोणी समजून घेईल. हे दुसरं मी पूर्ण शुद्धीत केलं.

साडू तळहातावर रेतीचा एक कण घेऊन आले. त्यांनी ड्रम पाहिला, बांधलेलं लुगडं पाहिलं. मग साहेबांना म्हणाले, "चूक माझी आहे. चार पदरातून गाळलेल्या पाण्यावरही जे अडकते, ते कारखान्यात काय कामाचं?" साहेबांनी त्यांना धन्यवाद दिले. ट्रायल संपली.

महिन्याभरात साडू आपल्याहून पंधरा वर्षांनी लहान माणसाच्या वर्कशॉपात कामाला लागले. सुट्टीच्या दिवशी शेड उघडायची आणि त्या पहिल्या नोझलची 'चूक' सुधारायची, असं आठ वर्षं चाललं. फट मोठी केली तर पाणी वाया जाऊन जोर गेला. छर्रे बसवले तर ते गंजले. चामड्याचे वॉशर झिजले. एकदा तर डोकं असं भरधाव फिरत सुटलं की त्यांनी स्वतःच हात झटकले, "नुसता धुरळा." आमच्या घरी आले की दारातूनच म्हणायचे, "लोकल पार्टी आली आहे." सगळे हसायचे. मीही हसायचो. कधी मध्येच विचारायचे, "साडभाऊ, चार पदरातून तो कण आला कुठून असन?" मी म्हणायचो, "असतं पाण्यात काहीतरी." दर वेळी सांगता आलं असतं. दर वेळी वाटायचं, आता इतक्या दिवसांनी कशाला.

मग आमच्या केंद्रात एक लाकडी खोका आला. त्यात परदेशी बनावटीचं फिरतं नोझल आणि एक माहितीपत्रक, त्यावर नोझल मधून कापून दाखवल्याचं चित्र. बेअरिंग नव्हतं. डोकं आणि आस यांच्यात बारीक फट, तिच्यात पाणी. खाली ठळक सूचना होती, पाणी अत्यंत बारीक गाळून वापरावे. तो कागद खिशात घालून मी त्याच संध्याकाळी नंदनवनात गेलो.

साडूंनी चष्मा पुसून कागद उजेडात धरला. "हे तं आपलंच आहे," ते म्हणाले. पुन्हा एकदा सगळं पाहिलं. मग त्यांच्या कपाळावर आठी पडली. "पण आपलं तं गाळलेल्या पाण्यात अडकलं. ह्याईचं काहून अडकत नाही?"

मी सांगितलं. लुगडं सोडलं हे सांगितलं आणि पुन्हा बांधलं हेही सांगितलं. ताई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, त्यांनीही ऐकलं. साडूंनी मला दोन शिव्या हासडाव्यात असं मला फार वाटत होतं.

"किती वेळ चाललं ते?" त्यांनी विचारलं. "बिना कापडाचं?"

"वीसेक मिनिटं."

"त्या नळाच्या पाण्यावर? त्या रेतीत?"

"हो."

ते उठून उभे राहिले. आठ वर्षांत मी त्यांचा चेहरा असा पाहिला नव्हता. "वीस मिनिटं म्हणजे लय झालं, साडभाऊ. मी तं दोन मिनिटं नसती धरली." आणि ताईंकडे वळून म्हणाले, "अवं, आयकलं का? पहिलंच बरोबर होतं. चुकलंच नव्हतं ते."

हा आनंद आठ वर्षं माझ्याजवळ पडून होता आणि मी तो त्यांना दिला नव्हता. ताईंनी त्यांच्याकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. आवाज जराही चढवला नाही. "त्या दिवशी तिकडून आल्यावर तुम्ही इथंच जेवले होते," त्या म्हणाल्या. "ह्याईले घास जाऊन नव्हता राहिला. अन् तुम्ही समजावून राहिले होते."

"हो, ताई," मी म्हणालो.

त्या आत गेल्या आणि थोड्या वेळानं दोन ताटं वाढून आल्या. साडू जेवताना सारखे बोलत होते, जुनी फट पुन्हा किती ठेवायची, भोकं किती तिरपी घ्यायची. पाण्याचा पेला उचलताना त्यांची बोटं थरथरत होती. केसाएवढी फट त्या बोटांना आता साधणार नव्हती. हे त्यांनाही माहीत असावं, पण त्यांना ते त्या संध्याकाळी आठवायचं नव्हतं. ताईंनी मला भाजी वाढली, पोळी वाढली, वर तूपही वाढलं, हात कुठेही आखडला नाही. मी वर न बघता सगळं ताट संपवलं.