टोरूनचा प्रबंध आणि आईचं शुद्धलेखन

टोरून लिंडेलला दोन गोष्टी जन्मात जमल्या नाहीत: गाडी चालवणं आणि आईला गप्प बसवणं. त्यात प्रबंधासाठी तिने शाळा निवडली ती स्वीडनमधल्या एस्टरसुंद गावापासून चाळीस किलोमीटरवर, तळ्याकाठची. तिथे वेळापत्रक नाही, परीक्षा नाही, मार्क नाहीत. मुलांना हवं तेच मुलं शिकणार. बस दिवसाला एक, तीही उलट्या वेळेची. म्हणून दर गुरुवारी आईच गाडीने सोडायला लागली.

आई, म्हणजे गुनवोर, चाळीस वर्षं सरकारी शाळेत शिकवून निवृत्त झालेली.

"ह्याला शाळा म्हणतात?" झाडावरच्या पोरांकडे बघत ती म्हणाली. "आणि ह्याच्यावर तुला डॉक्टर करणार?"

"आई, तू बाहेर व्हरांड्यात बस, कॉफी पी. आणि कुणाला काही शिकवू नकोस!"

तिसऱ्या गुरुवारी टोरून वहीतून मान वर करते तो काय, वर्गात निरीक्षण करायला कुणी उरलंच नव्हतं. सगळी पोरं व्हरांड्यात, गुनवोरभोवती. ती शुद्धलेखन घालत होती आणि लाल पेन्सिलीने दहापैकी मार्क देत होती.

"ए गुनवोर, मला सातच का?" नऊ वर्षांची टिल्डा तावातावाने भांडत होती.

"तीन चुका केल्यास म्हणून. आणि मला 'बाई' म्हणायचं."

"बाई, अजून एक घाला ना!"

टोरूनने वहीचं पहिलं पान उलटून पाहिलं. मुलांना मार्कांची ओढ नसते, हे तिच्या प्रबंधाचं पहिलंच वाक्य होतं. तेवढ्यात मुख्याध्यापक स्टेलान धावत आला.

"असलं काही इथे चालत नाही हं!"

"तूच म्हणतोस ना, हवं ते शिका?" टिल्डा म्हणाली. "आम्हाला हे हवंय."

स्टेलानने खाली बसून कागद मागितला. त्याला चार मिळाले.

 टोरूनने पहिलं वाक्य खोडून आईच्या ह्या शुद्धलेखनावर एक नवं प्रकरण लिहिलं. परीक्षकांनी तीन तास तिला पिळून काढलं, पण वाखाणलं तेच प्रकरण. पुढे विद्यापीठात नोकरी लागली, आणखी सात निराळ्या शाळा अभ्यासून झाल्या. परिषदेत मात्र लोक आधी आईचीच चौकशी करत, आणि ते टोरूनला थोडं झोंबत असे.

प्रबंधाचं पुस्तक निघालं, तेव्हा आईने ते अथपासून इतिपर्यंत वाचलं.

"बरं लिहिलंयस. पण मला 'आक्रमक' म्हटलंयस, ते काढ."

"छापून झालंय गं, आई."

"मग दुसरी आवृत्ती काढ."