‘बॅकअप आहे’ म्हणणारी माणसं

कामशेतच्या बाजारात माझं कॉम्प्युटर रिपेअरिंगचं दुकान आहे. काउंटरखाली एक ड्रॉवर आहे, त्यात मेलेल्या हार्ड डिस्क पडल्यात. फेकवत नाहीत, कारण प्रत्येकीमागे एक किस्सा आहे आणि प्रत्येक किश्शात मी कुणावर तरी ओरडलोय. आता तो ड्रॉवर बंदही होत नाही. बायको म्हणते, "डोकं शांत ठेवा, बीपी वाढेल." अहो, कसं ठेवू? भिंतीवर हा एवढा मोठा बोर्ड लावलाय : ‘प्रत्येक फाइल तीन ठिकाणी ठेवा. त्यातलं एक घराबाहेर.’ लोक त्याच बोर्डाला टेकून उभे राहतात आणि विचारतात, "दादा, डेटा येईल ना परत?"

आणि खरं सांगू का, सध्या सगळ्यात जास्त राग मला माझाच येतोय. गेल्या महिन्यात आंदर मावळातल्या दत्तूच्या वारलेल्या वडिलांचे व्हिडिओ माझ्या हातून पुसले गेले. ते शेवटी सांगतो. आधी बाकीच्यांची खरडपट्टी काढतो, म्हणजे जरा धीर येईल.

*

लोणावळ्यात बंगल्यांची ड्रॉइंग करणारे एक आर्किटेक्ट आहेत. लॅपटॉप घेऊन आले तेव्हा डिस्क करकर वाजत होती.

"बॅकअप आहे का साहेब?"

"म्हणजे काय! मी फार काटेकोर माणूस आहे. सी ड्राइव्हमधलं सगळं दर रविवारी डी ड्राइव्हमध्ये कॉपी करतो."

मी कपाळावर हात मारला. "साहेब, सी आणि डी हे एकाच कपाटाचे दोन कप्पे! कपाटच दरीत गेलंय, आता कप्पे काय मोजताय?"

त्यांनी लॅपटॉप उलटा करून पाहिला. मग म्हणाले, "म्हणजे ई मध्ये ठेवायला हवं होतं का?"

*

कार्ल्याचा संतोष लग्नाचे फोटो काढतो. हात चांगला आहे त्याचा, पण लोकांची लग्नं एकाच ड्राइव्हवर ठेवायचा. मी झापून झापून त्याला दुसरी ड्राइव्ह घ्यायला लावली. "सगळं दोन्हीकडे ठेव. एक गेली तर दुसरी हाताशी असेल," असं दहा वेळा बजावलं.

दसऱ्यानंतर दोन दिवसांनी आला. ड्राइव्ह लागत नव्हती. पाहतो तर केबल लावायच्या खाचेत हळद, कुंकू आणि त्यावर ओल्या झेंडूचा लगदा! केबल घुसत नाही म्हणून पठ्ठ्यानं ती दाबून घुसवली होती. आत काहीतरी जळल्याचा वास येत होता.

"अरे, हे काय केलंस?"

"दसऱ्याला अवजारांची पूजा करतो ना आपण. कॅमेऱ्याची केली, ट्रायपॉडची केली, मग हिची नको?"

मी म्हटलं, "ठीक आहे. एक गेली. दुसरी दे इकडे."

त्यानं पिशवीतून दुसरी काढली. तीही पिवळीधमक! वर मलाच सांगतोय, "असं कसं दादा, एकीची करायची आन दुसरीला उपाशी ठेवायची?"

*

एका कॉलेजात शिकवणाऱ्या मॅडम आहेत. पाच वर्षं खपून प्रबंध लिहिला, लॅपटॉप फॉरमॅट करून भाच्याला दिला आणि पेन ड्राइव्ह माझ्याकडे घेऊन आल्या. "यात आहे, पण उघडत नाही हो."

आत प्रबंध नव्हताच. नुसते शॉर्टकट! म्हणजे घर नाही, घराच्या पत्त्याची चिठ्ठी आणली होती बाईंनी. मला त्यांची दया आली आणि संतापही आला.

"मॅडम, पाच वर्षांचं काम दोन सेकंदांत कॉपी झालं, तेव्हा तुम्हाला शंका नाही आली?"

"आली ना!" त्या रडवेल्या होऊन म्हणाल्या. "म्हणून तर खात्रीसाठी तीन वेळा केलं!"

*

रेल्वेतून रिटायर झालेले एक भाऊ माझ्याकडे नेहमी येतात. फार शिस्तीचे. मीच त्यांना मोबाइलमधले फोटो आपोआप ऑनलाइन जातील असं सेटिंग करून दिलं होतं. एक दिवस आले ते भांडायलाच. "तुमच्या त्या ऑनलाइनवाल्यांनी नातीचे सगळे फोटो पळवले!"

भाऊंनी मोबाइलमध्ये जागा करायची म्हणून गॅलरीतले फोटो उडवले होते. दोन्हीकडे एकच खातं, इथून उडवलं की तिथूनही उडतं. हे त्यांना चार वेळा सांगितलं होतं, चार वेळा!

तरी मी रागावलो नाही. म्हटलं, "काळजी करू नका भाऊ, उडवलेले फोटो महिना-दोन महिने कचरापेटीत राहतात. तिथून काढू."

भाऊंचा चेहरा पडला. "ती मी रोज झोपताना रिकामी करतो. कचरा साठवायची सवय नाही मला."

*

आता दत्तू.

दत्तू कान्ह्याजवळ एका कंपनीत कामाला आहे. लॅपटॉप अडकतोय म्हणून घेऊन आला. मी विचारलं, "बॅकअप आहे?" तो म्हणाला, "व्हय, हाय की." दुकानात गर्दी होती. मी दुसऱ्यांदा विचारलं नाही. लॅपटॉप फॉरमॅट केला. विंडोज टाकायला पेन ड्राइव्ह हवा होता, तर लॅपटॉपलाच एक खोचलेला दिसला. तोच घेतला आणि पुसून वापरला.

तोच त्याचा बॅकअप होता! आबांचे, म्हणजे त्याच्या वडिलांचे, सोळा व्हिडिओ. अंगणात बसून बैलांशी बोलणारे आबा, सुनेला चहावरून चिडवणारे आबा. उन्हाळ्यात ते वारले. तीन दिवस रिकव्हरी चालवली, एकही आला नाही. दत्तूनं पैसे काउंटरवर ठेवले आणि लॅपटॉप घेऊन गेला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

न राहवून मी बाइक काढली आणि त्याच्या गावी गेलो. त्याची आई ओसरीवर बियाण्याच्या भाताचं गाठोडं बांधत बसली होती. दत्तू खांबाला टेकून, मान खाली घालून. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं, "मावशी, चूक माझी आहे. आबांचे व्हिडिओ मी पुसले."

मावशी भडकल्याच. "आठ दिस ह्यो तोंड पाडून बसलाय, आन आता तू आलास! मला कुनी इचारलं?"

आत गेल्या. पत्र्याच्या डब्यातून फडक्यात गुंडाळलेलं मेमरी कार्ड आणून माझ्या हातावर ठेवलं.

"दत्त्या जुना फोन इकाय निगाला, तवा ह्यांचं व्हिडू हायत म्हून ह्ये कार्ड म्या काडून घेतलं. समदं लेकीच्या फोनात बी घातलंय, कान्ह्याला. आन माज्या भावाकडं बी हाय, कारल्याला, त्याच्या नातवाच्या कम्पुटरात."

दत्तू उठून उभा राहिला. तीन ठिकाणी! त्यातली दोन घराबाहेर!

"मावशी, असं ठेवायचं तुम्हाला सांगितलं कोणी?"

मी गिऱ्हाइकांकडे बघतो ना, तशाच त्या माझ्याकडे बघत होत्या. मग खाली बसल्या आणि गाठोड्याची गाठ आवळत म्हणाल्या, "हे बी उद्या लेकीकडंच चाललंय. बियानं कुनी येकाच घरात ठिवतं व्हय?"