मॅग्नेटो थांबलेला असताना

देवचार, चकवा, करणी... यातलं काही मी कधी मानलं नाही. धंदाच तसा आहे माझा. गाडी बंद पडली तर त्याला कारण असतं, आणि नीट शोधलं की ते सापडतं. केळशीत बाजारातून समुद्राकडे उतरणाऱ्या रस्त्यावर माझं मोटरसायकलचं गॅरेज आहे. जे झालं ते तिथेच झालं, भर दिवसा.

अस्लम माझ्या शाळेतला मित्र. मासेमारी करायचा. पावसाळ्यानंतर बोटी पुन्हा पाण्यात उतरल्या, तेव्हा तो आणि नारायणदादा – आमच्याकडचे जुने खलाशी – छोटी होडी घेऊन गेले. संध्याकाळी वारा फिरला. होडी परत आली नाही. दोघांचे फोन लागेनात. उजाडल्याबरोबर गावातल्या बोटी शोधायला निघाल्या.

त्या दुपारी अस्लमचे वडील, इब्राहिमचाचा, त्याची मोटरसायकल ढकलत माझ्याकडे आले. जुनी टू-स्ट्रोक. अस्लमचा तिच्यावर फार जीव.

"चालू करून दे रे बाळा. आंजर्ल्यापासून हर्णैपर्यंत किनारा बघून येतो. घरात बसवत नाय."

"चाचा, माझ्या गाडीवरून नेतो ना तुम्हाला."

"नको. हीच कर. तो येईल तेव्हा त्याला चालू मिळूदे."

प्लग काढला, कॅपमध्ये बसवून इंजिनच्या हेडला टेकवला आणि किक मारली. ठिणगी नाही. नवा प्लग लावला, तरी नाही. बंद करायच्या स्विचची वायर सोडवून बघितली, कॅप बदलली... नाही. मॅग्नेटोचं, म्हणजे करंट तयार करणाऱ्या चाकाचं, कव्हर उघडून पॉइंट्स घासले, गॅप बसवला, कंडेन्सर बदलला. शेवटी दुसऱ्या चालू गाडीची कॉइल काढून लावली. किक मारून पाय भरून आला, पण करंटचा पत्ता नाही. चाचा बाकावर बसून नुसते बघत होते. मधेच फोन वाजला की दोघंही दचकायचो. बोटींवरून एकच निरोप – अजून काही नाही.

अस्रची, तिसऱ्या प्रहराची अजान झाली, तरी चाचा उठले नाहीत. मी हात धुवायला पिंपाकडे गेलो.

टिक.

मागे वळलो. प्लग हेडवर तसाच पडलेला होता. टिक, टिक, टिक... मग थोडा खंड. पुन्हा टिक, टिक, टिक. निळी ठिणगी, डोळ्यांना स्वच्छ दिसणारी.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. या गाडीत मॅग्नेटो फिरल्याशिवाय ठिणगीचा करंट तयारच होत नाही. बॅटरीचा त्यात संबंध नाही. आणि किकजवळ कोणी नव्हतं. मी मॅग्नेटोच्या चाकावर हात ठेवला. गार आणि स्थिर. मग त्याची कॉइलकडे जाणारी वायरच उपटून काढली. आता ठिणगी यायला कुठली वाटच राहिली नव्हती. तरी तीन ठोके, खंड, तीन ठोके.

चाचा येऊन माझ्या शेजारी उकिडवे बसले. ठिणगी हळूहळू पिवळी पडत गेली. मधले खंड लांबले. तीनच्या जागी दोन झाल्या... मग एक. बराच वेळ गेला आणि अजून एक, अगदी बारीक.

पुढे काही आलं नाही.

"थांबला," चाचा म्हणाले. करंट म्हणायचं होतं की आणखी काही, मी विचारलं नाही. मी त्यांना हाताला धरून घरी पोचवलं.

दुसऱ्या दिवशी बाणकोटच्या बाजूला एका बोटीला नारायणदादा सापडले. एकटेच. आम्ही दवाखान्यात गेलो तेव्हा त्यांचे ओठ मिठाने फाटलेले होते. थांबत थांबत बोलले. होडी उलटली होती, दोघं तिच्या तळाला धरून होते. अस्लमच्या हातात इंजिनचा पाना राहिला होता.

"तो तळावर पाना मारायचा," दादा म्हणाले. "तीनदा. मग कान देऊन गप बसायचा, कोण जबाब देतो काय बघायला. काल सूर्य कलला तसा त्याचा हात चालेना झाला. मी म्हटलं, पोरा, धरून राहा. पण पाना सुटला, आणि मग तोही..."

चाचांनी माझं मनगट घट्ट धरलं. गॅरेजमधलं तोवर आम्ही कोणालाच सांगितलं नव्हतं.

अस्लम मिळाला नाही. मी गाडीला तिची जुनीच कॉइल, जुनाच कंडेन्सर परत लावला, तर पहिल्या किकला चालू झाली. तेव्हा का होत नव्हती, तेही मला सांगता येत नाही. एका इलेक्ट्रिकल इंजिनीयरला विचारलं. तो म्हणाला, कंडेन्सरमध्ये चार्ज उरला असेल. मी म्हटलं, एवढा वेळ? आणि वायर काढल्यावर?

चाचा अजून अधूनमधून येऊन बाकावर बसतात. एकदा फार हळू म्हणाले, "आपण पण त्या वायरीवर ठोकून जबाब दिला असता, तर त्याला ऐकू गेलं असतं काय रे?"