दानियलकाकांचा खोकला

चर्चमधल्या रविवारच्या उपासनेच्या शेवटी पाळकसाहेब हात उंचावून "पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा" म्हणत, आणि नेमके तिथेच दानियलकाका खोकत. सर्दी नसे, तंबाखू नसे. त्या तीन नावांवरची ती त्यांची हरकत होती. पाळकसाहेब थांबत, खोकला संपू देत, मग "आमेन" म्हणत. उदगीरच्या आमच्या मंडळीत लहान पोरांनाही हा क्रम पाठ झाला होता.

काका एस.टी.चे निवृत्त ड्रायव्हर. सारी नोकरी स्टिअरिंगमागे बसून केली, पण घरी त्यांना एका जागी बसवत नसे. वाद घालायचा तोही येरझारा घालत. "देव एक हाय. येशू प्रभू हाय, मान्य. पन देवात तीन कशाला? त्रैक्य हा शब्द शास्त्रात कुठंय? दाखवा!" आमच्या गल्लीतली पहिली बी.ए. मी, हे मी आजही मान वर करून सांगते. म्हणून काका मला गाठत. "बीएबाई, कॉलेजात काय शिकवायलेत? एक म्हंजी तीन?" मी पाळकसाहेबांचेच उदाहरण पुढे करी: सूर्य, त्याचा उजेड, त्याची ऊब. दुष्काळाचे साल होते. काका उसळत, "सूर्याचं नाव नगं काढू. त्यानंच आड आटवला."

जिद्दीचे मूळ खोल होते. "माझ्या आज्यानं देव्हारा सोडला, भावकी सोडली, ते एका देवासाठी. त्याला आता काय सांगू?"

लातूर नुकताच जिल्हा झाला होता. पाळकसाहेब एकदा हसत म्हणाले, "दानियलराव, एका उस्मानाबादचे दोन जिल्हे झाले, पण सरकार एकच ना?"

"मग कलेक्टर दोन कशाला?"

एकदाच काका अडले. पाळकसाहेबांनी विचारले, "देव प्रीती आहे, हे मानता ना? मग जग नव्हतं तेव्हा, एकटाच असता तर, त्यानं प्रीती केली कुणावर?" काका उठून चालू लागले. आठवडाभर गल्लीत नुसत्या फेऱ्या. रविवारी त्यांनी पाळकसाहेबांना दारातच गाठले.

"माझी मार्था गेली. घरात मी एकटा. मग मी प्रीती कुणावर करायलो?"

पाळकसाहेबांनी त्यांना हाताला धरून आत नेले. त्या दिवशी खोकला आला, पण बारीक.

पुढे मंडळीच्या पंचांनी ठराव केला: त्रैक्य न मानणाऱ्याला मंडळीच्या दफनभूमीत जागा नाही. मार्थाकाकूंच्या शेजारची जागा काकांनी स्वतःसाठी धरून ठेवली होती. त्या दिवसापासून त्यांच्या फेऱ्या दफनभूमीच्या भिंतीपर्यंत लांबल्या.

उन्हाळ्यात त्यांनी अंथरूण धरले. पाळकसाहेब उशाशी बसले. "एकदा फक्त हो म्हणा, दानियलराव. पंचांना मी बघतो."

"जल्मभर ज्याच्यासाठी भांडलो, त्याच्याच दारात खोटं बोलू?" काकांनी कूस बदलली, पुन्हा बदलली. मग मान न वळवता म्हणाले, "पन मला मार्थाजवळच ठिवा."

पाळकसाहेब त्यांचे पांघरूण सारखे करून उठले.

काका गेले त्या सकाळी पंच दफनभूमीच्या फाटकाशी जमले. जमीन दगडासारखी झालेली; भिजवल्याशिवाय टिकाव रुतत नव्हता, आणि पाणी तर टँकरचे, मोजके. तेवढ्यात पाळकसाहेब आपल्या घरची भरलेली घागर खांद्यावर घेऊन आले आणि मार्थाकाकूंच्या शेजारी त्यांनी ती रिकामी केली.

"पाळकसाहेब, आपला ठराव..." एक पंच म्हणाले.

"जमीन भिजू द्या. मग बोलू."

मी घरी पळाले आणि आमची घागर आणली. मागोमाग गल्लीतल्या बाया आल्या. जमीन भिजली, खड्डा झाला; बोलायचे ते राहूनच गेले.

मूठमाती झाल्यावर पाळकसाहेबांनी हात उंचावला. ठराव काहीही असो, आपला विश्वास त्यांनीही सोडला नव्हता. खणखणीत आवाजात म्हणाले, "पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा."

आणि सवयीने थांबले.

आम्हीही थांबलो. कुणीच खोकले नाही. पाळकसाहेब ओल्या मातीकडे बघत तसेच हात उंचावून उभे राहिले. "आमेन" काही त्यांच्या तोंडून निघेना.